फुंकरीला ताण

डिसेंबर लागला की आमच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. मुद्दाम. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना जरा ऊन दाखवतात आणि महिना-सव्वा महिना झाडाला तहानेत उभं ठेवतात. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, त्यांच्या कडा आत वळतात, हिरव्यावर पिवळी झाक येते. बाहेरगावचा पाहुणा बघून हळहळतो आणि आम्ही मात्र बांधावर उभे राहून खूश होतो. झाड घाबरलं की फुलतं, अशी आमची समजूत, आणि ती बहुतेकदा खरी ठरते. जानेवारीत पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत असा वास सुटतो की वरुडहून येणाऱ्या एस.टी.तला कंडक्टरसुद्धा तिकीट देता देता नाक वर करतो.

आज सकाळी बांधावर गेलो होतो. उकरलेल्या कोरड्या मातीवर दव पडलं की तिला एक करपट, ओलसर वास येतो. भाकरीचा तवा धुतल्यावर येतो तसा. हा वास नाकात गेला की इतरांना बहार आठवत असेल. मला एक काळा चष्मा आठवतो, आणि त्या चष्म्यापायी केलेला माझा मूर्खपणा इतका लख्ख आठवतो की बांधावर एकटा असूनही मी आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, हे बघून घेतो.

माझा धंदा कलमांचा. जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो फुटला की वाढवायचा, आणि पोत्यात बांधून गिऱ्हाइकाला द्यायचा. हात असे अडकलेले असले तरी तोंड मोकळं असतं, त्यामुळे गावात माझी ओळख दोन गोष्टींसाठी आहे, कलमांसाठी आणि थापांसाठी. कलमं कधी कधी मरतात. थाप अजून एकही मेलेली नाही.

माझी पोरगी गुंजन जन्मली तेव्हा तिच्या छाती आणि पोट यांच्यामधला पडदा डाव्या बाजूनं उघडाच होता. श्वास ज्याच्या जोरावर चालतो तो पडदा. त्या भोकातून आतडी वर चढून छातीत बसलेली, आणि डाव्या फुप्फुसाला वाढायला जागाच मिळालेली नाही. तिसऱ्या दिवशी नागपुरात तो पडदा शिवला. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं की माझ्या पोरीच्या आत एक शिवण आहे आणि तिच्यावर तिला आयुष्यभर श्वास घ्यायचा आहे.

पोरगी वाचली, वाढली, पण धावली की थांबायची. डावा खांदा जरा खाली, छातीची ती बाजू किंचित आत. फुंकरीचे व्यायाम करून घ्या, असं सांगितलेलं. आणि इथे माझं राज्य सुरू झालं. बाकी सगळ्या गोष्टींत गुंजन तिच्या आईची. माझी बायको सुनंदा बाळापूरची. तिच्या शिस्तीत वेणी, अभ्यास, जेवण, सगळं बसलेलं. फुंकर तेवढी माझी. पपईच्या पानाचा पोकळ देठ साबणाच्या पाण्यात बुडवून आम्ही फुगे काढायचो. पाटावर कापसाचा पुंजका ठेवून फुंकरीनं शर्यत लावायचो. आणि सगळ्यांत वर माझं गाढव. संत्र्याच्या पेट्या घेऊन शेंदूरजन्याहून नागपूरला निघालेलं एक गाढव, जे दर मैलाला अडून बसायचं आणि मागून लांब फुंकर मारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. गुंजन गाल फुगवून फुंकायची, गाढव चालायचं, गोष्ट पुढे जायची. दोन वर्षांत ते काटोलपर्यंतही पोचलं नव्हतं. पोचू देण्याची माझी इच्छाही नव्हती.

ती सात वर्षांची असताना अमरावतीत लहान मुलांच्या व्यायामाच्या एका केंद्रात नवीन काही सुरू झाल्याचं कळलं. जन्मतः असा पडदा शिवलेल्या मुलांना डोळ्यांवर यंत्र लावून व्यायाम द्यायचा. आम्ही गेलो. तिथे नाझिया मॅडम भेटल्या. अकोल्याच्या, वयानं लहान, बोलणं भरभर, मराठीत हिंदी मिसळलेलं. पहिल्याच वाक्यात मला "काका" म्हणाल्या. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. हेव्याची सुरुवात बहुधा तिथूनच झाली, चष्मा नंतर आला.

तो काळा, डब्यासारखा चष्मा गुंजनच्या डोळ्यांवर चढला आणि तिच्या चेहऱ्याचा फक्त खालचा अर्धा भाग आमच्याकडे उरला. आत म्हणे एक टेकडी होती, झाडं होती, पाणी होतं. रंगीत पाखरं उडत यायची, त्यांना बसायला डावा हात वर करून धरायचा. खाली वाकून कागदाची होडी उचलायची आणि लांब फुंकर मारून ती पलीकडच्या काठाला लावायची. आम्हाला यातलं काही दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होती रिकाम्या खोलीत हात वर करून उभी असलेली पोरगी. जो डावा हात तिनं वर करावा म्हणून मी गाढवाला तीन वेळा नदीत पाडत असे, तो तिनं कोणी न सांगता वर केला होता. आणि तो उरलेला अर्धा चेहरा हसत होता. मी न केलेल्या विनोदावर.

"यात शेंदूरजनाघाट दिसते का?" मी विचारलं.

"नाही काका, ही टेकडी बनवलेली आहे. असली नाही."

मला फार बरं वाटलं. मग मी पिशवीतून पपईचे देठ काढून त्यांना दाखवले. हो, मी देठ घेऊन गेलो होतो, ओल्या फडक्यात गुंडाळून. मॅडमनी एक देठ हातात घेऊन त्यातून फुंकून पाहिलं, छान आहे म्हणाल्या, हेही चालू ठेवा म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकलंच नाही. मला फक्त त्यांनी देठ टेबलावर बाजूला ठेवला तो आवाज ऐकू आला.

तीन आठवडे आम्ही एस.टी.नं जात राहिलो. मोर्शीच्या पुढे गुंजन झोपायची, आणि परत येताना आईला टेकडीच्या गोष्टी सांगायची. निळ्या पाखराची शेपटी कशी, होडी मधेच कशी फिरते. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. तिच्या सहा मिनिटांच्या चालण्याच्या परीक्षेत फेऱ्या वाढल्या होत्या. शाळेच्या पायऱ्या ती एका दमात चढायला लागली होती. बापानं याचा आनंद मानायचा असतो, आणि मी तो मानतच होतो, पण तोंडात खडा आल्यावर जेवण जसं चालू ठेवतात तसा.

ते वर्षच तसलं होतं. पाऊस ऑगस्टातच निघून गेलेला. कपाशीची बोंडं करंगळीएवढी. पंगतीत शेजारी बसलेली माणसं बुंदी घ्यायच्या आधी एकमेकांना विचारत, बोअर किती फूट लागला? ज्याच्या बोअरला पाणी होतं त्याच्याशी गावात कोणी धड बोलत नव्हतं. त्याच्या हिरव्या झाडांकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघत जात. हेवा हा त्या साली सगळ्या गावाचा आजार होता. मी फक्त तो घरात आणला.

जाण्यायेण्यात पोरगी थकते म्हणून नाझिया मॅडमनी एक चष्मा आम्हाला घरी दिला. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास, आणि महिन्याभरानं परीक्षेला यायचं. खंड पडू द्यायचा नाही, हे त्यांनी सुनंदाला नव्हे, मला बजावून सांगितलं. अजून मुलं थांबली आहेत, अकोल्याची एक मुलगी तर कधीची रांगेत आहे. महिन्याभरात गुंजनची प्रगती दिसली तर पुढे चालू ठेवता येईल, नाहीतर जागा तिला द्यावी लागेल.

मी लपवायचं ठरवून काही केलं नाही. आधी नुसती वीज गेली. दोन दिवस आली नाही, चष्मा चार्ज झाला नाही, आणि गुंजन पायांशी येऊन बसून म्हणाली, "बाबा, गाढवाचं सांगा ना." इतक्या दिवसांनी. त्या संध्याकाळी मी गाढवाला विहिरीत पाडलं, बाहेर काढलं, त्याला पोलीस पाटलापुढे उभं केलं. पोरगी खदखदून हसली. दोन्ही डोळ्यांसकट हसली. तिसऱ्या दिवशी वीज आली, तेव्हा मी चष्मा कलमांच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून गोदामात ठेवून दिला आणि घरात सांगितलं, बिघडलाय, वरुडला दुरुस्तीला दिला.

आणि मग मी ते केलं जे फक्त आमच्याकडचा माणूस करू शकतो. मी स्वतःला समजावलं की हा ताण आहे. डिसेंबरच होता ना. बाहेर मी झाडांचं पाणी तोडलं होतं, आत चष्म्याचं. रोज रोज पाणी मिळालं की झाड नुसतं पाल्यावर जातं, फूल धरत नाही. पोरीच्या फुप्फुसालाही थोडी तहान हवी. महिन्याभरानं चष्मा दिला की कशी फुलून येईल. पक्की योजना होती. एकदा मी सुनंदालाही हा विचार, चष्म्याचं नाव न घेता, सांगून बघितला. ती डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

पहिला आठवडा माझा गेला. दुसऱ्या आठवड्यात गाढवाला काय करावं हे मला सुचेना. थापेला ऐकणारा लागतो, आणि गुंजन गोष्टीत मधेच विचारायची, वरुडवाला कधी देणार? फुंकर मारायची, पण उपकार केल्यासारखी. हात वर कर म्हटलं की खांद्यापर्यंत यायचा आणि खाली जायचा. तिसऱ्या आठवड्यात मी तिला शाळेच्या पायऱ्यांवर मधेच थांबलेली पाहिलं. कठड्याला हात लावून, तोंड किंचित उघडं. ओठांचा रंग जरा उतरलेला.

इथे मला जे आठवतं ते लिहायला हात रेंगाळतो. ते बघून मला भीती वाटली नाही. मला वाटलं, चला, ताण बसतोय.

चष्मा सुनंदाला सापडला. बाळापूरचं गिऱ्हाईक आलं होतं, तिच्या माहेरचं, म्हणून कलमं बांधून द्यायला तीच गोदामात गेली. परत आली ती पोतं काखेत धरून. ओरडली नाही. माझ्यासमोर पोतं उघडलं, चष्मा ओट्यावर ठेवला आणि पदरानं त्याच्यावरची माती पुसली.

"वरुड गोदामात कवा आलं?" तिनं विचारलं.

मी बोलायला सुरुवात केली. झाड, पाणी, बहार, सगळं. मला वाटतं मी बराच वेळ बोललो. ती ऐकून घेत होती, आणि मला आशा वाटायला लागली होती.

"एवढी कलमं बांधता तुमी," ती म्हणाली. "लहान कलमाले कोनी ताण देते का?"

देत नाही. कोणी देत नाही. झाड पाच-सहा वर्षांचं, अंगानं भरलेलं, फळाला आलेलं असेल तरच ताण द्यायचा. कोवळ्या झाडाचं पाणी तोडलं तर ते फुलत नाही, वाळतं. हे मी स्वतः गिऱ्हाइकांना हात धरून सांगतो, कलमांच्या पोत्याबरोबर फुकट.

"उद्या परीक्षा हाय पोरीची," सुनंदा म्हणाली. "मॅडमले तुमीच सांगा. मी नाई सांगणार."

त्याच आठवड्यात आमच्या बोअरनं हवा ओढायला सुरुवात केली होती. मोटर चालू केली की पाइपातून खोकल्यासारखा आवाज यायचा आणि पाण्याऐवजी गाळ. ताण द्यायचा अधिकार आपला, तो तोडायचा मात्र पाण्याचा, हे मला चाळीस एकर बागा बघूनही तोवर कळलं नव्हतं. एस.टी.त गुंजन आमच्या दोघांच्या मधे बसली होती. सुनंदा अमरावतीपर्यंत चष्म्याची पिशवी मांडीवर धरून बसली होती. मी दोनदा शेंगदाणे विचारले.

परीक्षा केंद्राच्या लांब ओवरीत व्हायची. दोन टोकांना दोन खुणा, आणि मुलानं सहा मिनिटं त्यांच्यामधे चालायचं. नाझिया मॅडम हातात घड्याळ धरून भिंतीशी उभ्या. गुंजन निघाली तेव्हा तिनं आमच्याकडे बघून हात हलवला. दुसऱ्या मिनिटाला तिचा डावा खांदा खाली गेला. तिसऱ्याला पावलं आखूड झाली. चौथ्या मिनिटाला ती थांबली, भिंतीला हात टेकवला आणि मान खाली घालून नुसता श्वास घेत राहिली. महिन्यापूर्वी हीच पोरगी सहाही मिनिटं चालून "अजून चालू का?" विचारत होती. मी भिंतीवरच्या तिच्या हाताकडे बघत होतो. बोटं पसरलेली, भिंत पडेल म्हणून धरून ठेवल्यासारखी.

मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. ताप वगैरे आला होता का, विचारलं.

"चष्मा बिघडला होता," गुंजन म्हणाली. तिला तेच माहीत होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. फोन का नाही केला, दुसरा दिला असता की, म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहायला लागल्या. त्या वहीत अकोल्याच्या मुलीचं नाव असणार, एवढं मला कळत होतं. सुनंदा समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत होती.

"बिघडला नव्हता," मी म्हणालो. "मी लपवला होता."

मॅडमचं लिहिणं थांबलं. "का पण?"

मी पुन्हा झाडापासून सुरुवात करणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण गुंजन माझ्याकडे बघत होती, दोन्ही डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांपुढे मला माझ्या धंद्याचा एक शब्द आठवेना.

"मले हेवा वाटत होता," मी म्हणालो. "चष्म्याचा. तिची शिक्षा तिले देऊ नका."

नाझिया मॅडम रागावल्या. चांगल्या रागावल्या, आणि त्यासाठी त्यांनी हिंदी वापरली, कारण मराठीत त्यांना मला काका म्हणावं लागलं असतं. चार घरांना नकार देऊन हा सेट तुम्हाला दिला, असं त्यात होतं. तुम्हाला गोष्टी बंद करा असं मी कधी म्हटलं होतं का, असंही होतं. म्हटलं नव्हतं. माझं राज्य कोणी घेतलंच नव्हतं. मीच सिंहासन डोक्यावर घेऊन पळत होतो. शेवटी त्यांनी चष्मा ठेवून घेतला आणि सांगितलं की गुंजनची जागा राहील, पण घरी नाही. आठवड्यातून तीनदा केंद्रात, त्यांच्या डोळ्यांसमोर.

त्याप्रमाणे आम्ही गेलो. पुढचे तीन महिने, पहाटेच्या गाडीनं. त्या साली आमच्या बागेत फूल लागलं नाही, अर्धी झाडं वाळली, ती मी तोडली; त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्या गावाचं तेच झालं. गुंजन आता अमरावतीत अकरावीला आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर. परवा भेटायला गेलो तर ती बोलत बोलत पुढे चढून गेली आणि मी दुसऱ्या मजल्यावर तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी खिशात चाचपत उभा राहिलो. वरून तिच्या मैत्रिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. कशाला हसतात कळलं नाही. जरासं लागलंच.

पण त्या परीक्षेच्या दिवसातलं थोडं सांगायचं राहिलं आहे.

आम्ही निघायला उठलो, तर गुंजन उठेना. माझ्याशी बोलत नव्हती. मॅडमना म्हणाली, "आधी बाबाले लावा तो चष्मा." शिक्षाच ती. मी तोवर तो एकदाही डोळ्यांना लावला नव्हता, मानापायी. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

पट्टा डोक्यामागे आवळला गेला आणि अंधार झाला. मग टेकडी आली. खरं सांगतो, काही विशेष नव्हती. झाडं प्लॅस्टिकच्या फुलदाणीतल्यासारखी, पाणी जास्तच निळं. संत्र्याचं एकही नाही. मला पुन्हा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात एक पाखरू अंगावर आलं आणि मी दचकून मागे सरलो, तो टेबलाला धडकलो.

"हात वर करा," गुंजनचा आवाज आला. "तो नाई, डावा. अजून वर. असा पडला तर पाखरू कसं बसन?"

मी हात वर केला. होडी आली, मी फुंकलं. होडी दोन हात गेली आणि गोल फिरली. पुन्हा फुंकलं. छातीत काहीतरी शिट्टीसारखं वाजलं. पाचव्या फुंकरीला मला बसावंसं वाटलं. बाहेर सुनंदा हसतेय असा मला संशय आला, आणि मग खात्रीच झाली. गुंजनही हसायला लागली होती, आणि हसता हसता तिचा राग कुठे सांडला तिचं तिलाच कळलं नाही. ती माझ्याजवळ आली असावी, कारण आवाज कमरेपाशी आला.

"आता तिकडं पाहा, डावीकडं. मोठं झाड हाय का?"

होतं. टेकडीच्या कडेला एकटं, गोल सावलीचं.

"त्याच्या खाली तुमी ऱ्हायता," ती म्हणाली. "मी पाखरू सोडलं का तुमी मोजता. होडी अडली का गाढवाचं सांगता. मंग मी फुकतो."

मी त्या झाडाकडे नीट पाहिलं. खाली गवत होतं, एकसारखं कापलेलं, आणि सावली होती. त्या सावलीत दर वेळी अर्धा तास उभा राहणारा, पोरीची पाखरं मोजणारा, तिच्यापासून काही न लपवणारा माणूस मला कुठेच दिसला नाही. चष्म्याचा मला हेवा वाटला होता, मॅडमचा वाटला होता, हिरव्या बागांचा वाटला होता. पण त्या माणसाचा जेवढा वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही.

"तुमी दिसले का?" गुंजननं विचारलं.

"दिसलो," मी म्हणालो, आणि डावा हात होता तिथून अजून थोडा वर नेला.